आफ्रिकेच्या खेड्यांतील मुलींची शाळा

आजच्या भाषणाचा विषय मी घरी आईला सांगितला, तेव्हा तिने निवडायला घेतलेले तांदळाचे सूप खाली ठेवले आणि विचारले, "हे तू रेडिओवर बोलणार? मोठ्यानं?" मी हो म्हटले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बोल बाबा. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. पहिल्या वेळी मला वाटलं, आता मी काही जगत नाही."

विषय आहे मुलींच्या मासिक पाळीचा आणि त्यांच्या शिक्षणाचा. आणि तोही आपल्या गावचा नव्हे, तर आफ्रिकेतल्या खेड्यांचा. मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. पुरुष असून या गोष्टीत मी का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एवढेच की, माझ्यापुढे रोज वर्गात मुली बसतात. आणि या बाबतीत शिक्षक काय बोलतो, किंवा काय बोलत नाही, यावर एखाद्या मुलीचे शिक्षण अवलंबून असू शकते. आफ्रिकेतल्या अनुभवावरून हे कसे दिसते, ते सांगण्याचा आज विचार आहे.

आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच एक देश उभा राहतो. वस्तुतः तो चोपन्न देशांचा खंड आहे. भाषा निराळ्या, धर्म निराळे, रीतिरिवाज निराळे. मी मुख्यतः त्याच्या पूर्वेकडील आणि दक्षिणेकडील काही देशांविषयी बोलणार आहे: केनिया, युगांडा, टांझानिया, मलावी, झांबिया. यातला पूर्व किनारा मराठी माणसाला अगदीच परका नाही. १९३० च्या डिसेंबरात, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, महर्षी धोंडो केशव कर्वे आफ्रिकेला निघाले आणि मोंबासा, युगांडा, झांजिबार असे करीत पंधरा महिने हिंडले. काम कोणते? तर मुलींच्या शिक्षणाचे. आपल्याकडच्या स्त्रीशिक्षणाची हकीकत ते तिथल्या हिंदी लोकांना सांगत होते. आज त्याच भूमीवरची हकीकत आपण ऐकू या.

या देशांत एक मोठी गोष्ट घडली. मलावीने १९९४ साली, युगांडाने १९९७ साली आणि केनियाने २००३ साली सरकारी प्राथमिक शाळांतली फी काढून टाकली. बांध फुटावा तशी मुले शाळेत आली. एकेका वर्गात शंभर-शंभर मुले बसू लागली. मुलीही आल्या. पण वरच्या वर्गांकडे गेले की मुलींचा बाक हळूहळू रिकामा होतो. याची कारणे अनेक आहेत. माध्यमिक शाळेचा खर्च, लांबची वाट, घरची गरिबी, लवकर होणारे लग्न, अकाली येणारे बाळंतपण. या सगळ्यांच्या जोडीला आणखी एक कारण आहे आणि ते बराच काळ कोणी कागदावर लिहिलेच नव्हते.

अशा एखाद्या खेड्यातली शाळा मनात आणा. मुलगी बारा-तेरा वर्षांची. घरून निघून तासभर चालत आलेली. शाळेला शौचकूप आहे, पण मुले जास्त आणि संडास थोडे. दार आहे, तर कडी नाही. पाणी दूरच्या विहिरीवरून किंवा पंपावरून आणायचे. वापरलेले कापड टाकायला जागा नाही. दुकानात सॅनिटरी पॅड मिळतात. पण एका पुडक्याचे पैसे म्हणजे घरच्या एका वेळच्या जेवणाचे पैसे. मग मुलगी काय करते? जुन्या लुगड्याचा, चादरीचा तुकडा घेते. तेही नसेल तर गादीतला कापूस काढते, वहीचा कागद घेते. अशा घडीवर सहा-सात तास बाकावर बसायचे, आणि मास्तरांनी फळ्यावर बोलावले की उठून उभे राहायचे. त्या मुलीचे लक्ष गणितात राहील का? ती घरी राहिली तर नवल नाही. आणि ती वर्गात आली, तरी आली असे म्हणता येईल का?

आता कोणी म्हणेल, पूर्वीच्या बायका काय करीत होत्या? तिथल्या पूर्वीच्या बायकांची एक रीत होती आणि ती समजून घेण्याजोगी आहे. युगांडातल्या बुगांडा प्रांतात आई मुलीशी या गोष्टी बोलत नाही. ते काम आत्याचे. तिला 'सेंगा' म्हणतात. मुलगी वयात येऊ लागली की सेंगाने तिला जवळ बसवायचे आणि शरीराविषयी, संसाराविषयी सगळे सांगायचे. झांबियाच्या उत्तर भागात बेंबा नावाचे लोक राहतात. त्यांच्यात मुलीला न्हाण आले की 'चिसुंगू' नावाचा विधी होई. ऑड्री रिचर्ड्स या इंग्रज विदुषीने तो १९३१ साली डोळ्यांनी पाहिला आणि १९५६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. अनेक दिवस गाणी चालत, नाच चालत, मातीच्या आकृत्या करून त्यांतून मुलीला शिकवण दिली जाई. आपल्याकडेही न्हाणवलीला मखरात बसवीत असत, हे जुन्या माणसांना आठवत असेल. तेव्हा तिथे ही गोष्ट सगळीकडे लाजेचीच होती, असे समजू नये.

तथापि या रीतीला दोन बाजू आहेत. एक तर, न्हाण आले म्हणजे मुलगी लग्नाला झाली, असाच त्या विधीचा अर्थ होता. आठवी-नववीत बसायच्या मुलीला तो अर्थ अडसर होतो. दुसरे म्हणजे, काळ पालटला. माणसे शहरांत गेली, मळ्यांवर गेली. आत्या एका गावी, भाची दुसऱ्या गावी. एड्सच्या साथीने तर कित्येक घरांतली मधली पिढीच नेली. नातवंडे आजीपाशी राहिली. सांगणारी गेली आणि तिची जागा कोणी घेतली नाही. शाळेला वाटले घर सांगेल, घराला वाटले शाळा सांगेल. लुगांडा भाषेत पाळीला 'एन्सोंगा' असा आडपडद्याचा शब्द आहे. त्याचा सरळ अर्थ 'कारण' किंवा 'गोष्ट'. आपण नाही का 'अडचण' म्हणत, 'कावळा शिवला' म्हणत? शब्द झाकलेला राहिला आणि समजूत देणारे माणूस मात्र उरले नाही.

या अडचणीवर त्या लोकांनी काय काय उपाय केले, ते आता पाहू. आधी वस्तूंचे पाहू.

युगांडात दलदलीच्या काठाने पपायरस नावाचे उंच लव्हाळे माजते. प्राचीन इजिप्तचे लोक याच पपायरसपासून कागद करीत. कंपाला येथील मकेरेरे विद्यापीठातले अभियंते मोझेस मुसाझी यांनी हे लव्हाळे कुटून, त्यात रद्दी कागद कालवून, उन्हात वाळवून त्याचे पॅड बनवले. त्यांना 'माकापॅड' म्हणतात. लव्हाळे तिथलेच, कामाला हात तिथल्याच बायकांचे. रुआंडात केळीच्या बागा फार. तिथे एका संस्थेने केळीच्या सोपटाचा धागा काढून त्याचे पॅड करायला घेतले. आमच्या जळगावकडच्या श्रोत्यांना सोपट म्हणजे काय ते सांगायला नको. इथिओपियाच्या तिग्राई भागात फ्रेवेनी मेब्राहतू या रसायन-अभियांत्रिकी शिकलेल्या बाईंनी धुऊन पुन्हा वापरता येतील अशा कापडी पॅडचा कारखाना मेकेले शहरी काढला. युगांडातच २०१० सालापासून 'अॅफ्रिपॅड्स' नावाची संस्था असेच कापडी पॅड शिवून घेते.

या कापडी पॅडची रचना साधी असते. आत पाणी शोषणारे कापडाचे थर, खाली ओल बाहेर जाऊ न देणारा एक थर आणि दोन्ही बाजूंना बटण लावायच्या पट्ट्या. नीट वापरले तर एक संच वर्षभर पुरतो. पण त्यात मेख आहे बरं का. ते साबणाने धुवावे लागते आणि उन्हात वाळवावे लागते. लाजेने मुलगी ते गादीखाली किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात दडवते. तिथे ते दमट राहते, त्याला वास येतो, अंगाला खाज सुटते, कधी जंतूंची बाधाही होते. म्हणजे वस्तू कितीही चांगली असली तरी लाज तिला निकामी करते. दोरीवर चारचौघांसारखे ते कापड वाळत पडले पाहिजे; आणि तसे पडायचे तर घरच्या माणसांचे मन आधी बदलले पाहिजे.

आता सरकारांचे पाहू. केनियाने २००४ साली सॅनिटरी पॅडवरचा मूल्यवर्धित कर काढून टाकला. असे करणाऱ्या जगातल्या पहिल्या देशांत त्याची गणना होते. पुढे २०१७ साली तिथे कायदाच झाला की, सरकारी शाळेत नाव असलेल्या आणि वयात आलेल्या प्रत्येक मुलीला सरकारने पॅड मोफत द्यावेत, तेही पुरेसे आणि चांगल्या प्रतीचे. त्याच कायद्याने ते टाकण्यासाठी सुरक्षित सोयही करायला सांगितली. कायदा उत्तम. पण पुडकी कोठारातून निघून डोंगरापलीकडच्या शाळेत दर महिन्याला पोचणे ही गोष्ट वेगळी. तो पुरवठा सगळीकडे वेळेवर झाला नाही.

टांझानियाची हकीकत आणखी शिकण्यासारखी आहे. तिथे २०१८ साली पॅडवरचा कर काढला आणि २०१९ साली पुन्हा बसवला. का? तर कर गेला, पण दुकानातली किंमत उतरली नाही, असे सरकारचे म्हणणे पडले. सूट मुलीच्या हाती न पडता मधल्यामध्येच जिरली. युगांडात २०१६ च्या निवडणुकीपूर्वी राष्ट्राध्यक्षांनी शाळकरी मुलींना पॅड देण्याचे वचन दिले होते. २०१७ च्या फेब्रुवारीत शिक्षणमंत्र्यांनी सांगितले की त्यासाठी पैसा नाही. तेव्हा मकेरेरे विद्यापीठातल्या विदुषी स्टेला न्यांझी यांनी लोकांकडून वर्गणी मागून मुलींना पॅड देण्याची मोहीम काढली. सांगायचे ते इतकेच की, वचन आणि वस्तू यांच्यामध्ये बरीच माणसे उभी असतात.

यापुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पॅड दिले म्हणजे मुलगी शाळेत टिकते का?

याचा शोध अनेकांनी घेतला आणि त्यांची उत्तरे एकसारखी आली नाहीत. ती सारी आपण नीट ऐकली पाहिजेत. मलावीच्या ग्रामीण भागातल्या एका अभ्यासात, जो २०१३ साली प्रसिद्ध झाला, असे दिसले की पाळीमुळे मुली गैरहजर राहतात खऱ्या, पण त्यांच्या एकूण गैरहजेरीतला तो लहानसाच भाग असतो. पश्चिम केनियातल्या सियाया भागात तीस प्राथमिक शाळांत काही मुलींना पॅड, काहींना सिलिकॉनचे कप देऊन पाहिले. आरोग्याला त्याचा फायदा दिसला. पण शाळा सोडण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. म्हणजे नुसत्या पुडक्याने शाळेची गळती थांबते, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आता दुसरी बाजू. घाना देशात एकशेवीस मुलींवर एक छोटा प्रयोग झाला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. काही मुलींना पॅड दिले आणि वयात येण्याविषयी शिकवले. काहींना पॅड न देता नुसते शिकवले. पॅड मिळालेल्या मुलींची हजेरी तीन महिन्यांत सुधारली. आणि नुसते शिकवलेल्या मुलींची? पाच महिन्यांनी त्यांचीही हजेरी जवळजवळ तितकीच झाली. पुढे युगांडाच्या कामुली जिल्ह्यात आठ शाळांत, हजारावर मुलींमध्ये, दोन वर्षे असाच मोठा प्रयोग झाला. काही शाळांना पॅड, काहींना शिक्षण, काहींना दोन्ही आणि काहींना काहीच नाही. त्या दोन वर्षांत हजेरी घटली. पण जिथे काहीच दिले नव्हते तिथे ती फार अधिक घटली. हा फरक सरासरी सतरा टक्क्यांचा होता. आणि इथेही, नुसते शिकवले त्या शाळांतल्या मुलीसुद्धा काहीच न मिळालेल्यांपेक्षा बऱ्या ठरल्या.

श्रोतेहो, शिक्षक म्हणून मला यात मोठा धीर वाटतो. प्रयोग लहान आहेत, त्यांवर मनोरे रचू नयेत, हे खरे. पण एक गोष्ट ध्यानात येते. पॅडला पैसा लागतो, संडासाला पैसा लागतो, कायद्याला विधिमंडळ लागते. शब्दाला काही लागत नाही. 'हा आजार नाही, हे पाप नाही, तू मोठी होत आहेस,' हे वाक्य वेळेवर कानी पडले तर मुलगी वर्गात बसण्याचा धीर धरते.

आणि उलटही खरे आहे. २०१९ च्या सप्टेंबरात पश्चिम केनियात एका चौदा वर्षांच्या मुलीचा गणवेश वर्गात डागाळला. तिच्याजवळ पॅड नव्हता. शिक्षिकेने तिला घाणेरडी म्हणून वर्गाबाहेर उभे केले, असे तिच्या आईने सांगितले. त्या मुलीने त्यानंतर आपला जीव दिला. केनियात मोठी खळबळ उडाली. स्त्री-खासदारांनी निदर्शने केली आणि २०१७ च्या कायद्याचे पॅड मुलींपर्यंत का पोचत नाहीत, असा जाब विचारला. तो जाब योग्यच होता. परंतु त्या दिवशी वर्गात पॅडपेक्षाही आधी एका मायेच्या शब्दाची गरज होती. एक स्वेटर कमरेला बांधायला दिला असता, एका मैत्रिणीला सोबत देऊन पाण्याकडे पाठवले असते, तर पुरे होते. याला सरकारी मंजुरी लागत नाही.

हा शब्द शिक्षकाने आणावा कोठून? त्यालाही तर कोणी शिकवलेले नसते. टांझानियात यावर एक चांगला तोडगा निघाला. तिथल्या शाळकरी मुलींना स्वतःच्या पहिल्या पाळीची हकीकत लिहायला सांगितली आणि त्या हकीकतींवरून स्वाहिली भाषेत एक छोटे सचित्र पुस्तक झाले. त्याचे नाव 'विपिंदी व्या माइशा', म्हणजे आयुष्याचे टप्पे. पुस्तकातली मुलगी त्यांच्यासारखीच बोलते, त्यांच्यासारख्याच शाळेत जाते. शिक्षकाला बोलायला संकोच वाटला तर त्याने पुस्तक हाती द्यावे. पुढे मुलग्यांसाठीही वेगळे पुस्तक निघाले. हे फार योग्य झाले. कारण वर्गात हसणारा मुलगा दुष्टच असतो असे नाही. बहुधा तो अजाण असतो. त्याला समजले की तोच उद्या बहिणीसाठी दुकानात जाईल.

लाज ही काही खेड्यातल्या मुलींचीच मिरास आहे, असेही नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत केनियाच्या सिनेटच्या सदस्या ग्लोरिया ओरवोबा पांढऱ्या पोशाखात सभागृहात आल्या. पोशाखावर डाग होता. काही सदस्यांनी हरकत घेतली आणि सभापतींनी त्यांना कपडे बदलून यायला सांगितले. कायदा करणाऱ्या सभेत, कायदा झाल्यावर सहा वर्षांनी ही स्थिती! मग खेड्यातल्या तेरा वर्षांच्या पोरीने काय करावे?

शेवटी एक गोष्ट सांगून आवरतो. मलावीच्या डेड्झा जिल्ह्यात तेरेसा कचिंदामोटो या पारंपरिक प्रमुख होत्या; आपल्याकडच्या वतनदारासारखे ते पद, पण मान मोठा. न्हाण आले की लग्न, ही रीत त्यांच्या भागात घट्ट होती. त्यांनी आपल्या हाताखालच्या गावप्रमुखांना बजावले की बालविवाह होऊ द्यायचा नाही. ज्यांनी होऊ दिले त्यांना कामावरून दूर केले. शेकडो लग्ने मोडून मुलींना पुन्हा शाळेत धाडले. मलावीच्या राज्यघटनेतही २०१७ साली लग्नाचे वय अठरा केले गेले. बाईंनी परंपरेने मिळालेला अधिकार परंपरेतला दोष काढायला वापरला. सेंगाचेही तसेच. युगांडात आज शिक्षिकांनी सेंगाचे काम अंगावर घ्यावे, असा प्रयत्न होत आला आहे. आत्याची जागा बाईंनी घ्यायची. जुनी रीत टाकायची नाही. तिच्यातले लग्न काढायचे आणि शिकवण ठेवायची.

तेव्हा आफ्रिकेकडून आपण काय घ्यावे? त्या मुली दुबळ्या आहेत आणि कोणी बाहेरून येऊन त्यांना तारावे, हा या हकीकतीचा अर्थ नाही. लव्हाळे त्यांचेच, सोपट त्यांचेच, पुस्तकातल्या गोष्टीही त्यांच्याच. त्यांना हवे ते एवढेच: धड एक कापड, कडी असलेले दार, जवळ पाणी आणि वर्गात एक असे मोठे माणूस, की ज्याला विचारायला भीती वाटणार नाही. पहिल्या तीन गोष्टींसाठी सरकारला आणि समाजाला धारेवर धरलेच पाहिजे. चौथी गोष्ट आपल्या हातची आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, उद्या शाळेत गेलात म्हणजे मुलींच्या संडासाच्या दाराला कडी आहे का, तेवढे पाहा. नसेल तर लावा. आणि ती लावताना मुलींनी विचारले, "गुरुजी, हे कशाला?" तर उत्तर द्यायला लाजू नका.